आधी दोन्ही पडद्यांवर एकच चित्र आणा

निपाणीहून एक वाचक लिहितात:

"आम्ही चौघं दर रविवारी आमच्या माडीवर गेम खेळायला बसतो. मी, माझा मावसभाऊ (हुबळीला इंजिनिअरिंगला आहे), आमच्या गल्लीतले अण्णा आणि माझी धाकटी बहीण. भाऊ त्याचा पीसी आणून टीव्हीला जोडतो, अण्णा त्यांच्या लॅपटॉपवर खेळतात. अण्णांनी 'ऑब्लिव्हियन' हा गेम २००६ सालचा खेळलेला. २०२५ चं रीमास्टर (तोच जुना गेम नव्या चित्रात) आल्यापासून भांडण लागलं. अण्णा म्हणतात, 'हिरवंगार रान होतं, त्याचं वाळलेलं गवत करून ठेवल्यात.' भाऊ म्हणतो, 'आता कुठं खरं दिसायलंय, तर तुम्हाला बघवंना.' मग 'ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड' लावला, तर त्यातल्या माणसांवरून आणखी वाजलं. अण्णा बोलून गेले की हल्ली गेममधल्या बायका मुद्दाम कुरूप करतात. बहीण उठून खाली गेली, ती परत माडीवर आलीच नाही. दोन महिने झाले, रविवार रिकामे चाललेत. दसऱ्याच्या सुट्टीत पुन्हा बसावं असं मनात आहे. बरोबर कोण, आणि हे मिटवायचं कसं?"

बरोबर कोण हे विचारलंत, तर ते आधीच सांगून टाकू. रंगाबद्दल अण्णा बरोबर आहेत. चेहऱ्यांबद्दल ते निम्मे चुकले, आणि तुमच्या बहिणीसमोर जे बोलले ते सगळंच चुकलं. भावाचं 'आता खरं दिसतंय' हे ऐकायला बरं वाटतं, पण ज्या रानात गॉब्लिन हिंडतात तिथलं गवत खरं दिसलं म्हणून गेम चांगला ठरत नाही.

तुमचं भांडण मिटत नाही, कारण तुम्ही चार वेगळ्या गोष्टींना मिळून 'ग्राफिक्स' म्हणता. रंग आणि उजेड ही एक गोष्ट. शैली, म्हणजे चित्र फोटोसारखं करायचं की कॉमिक्ससारखं, ही दुसरी. पात्राची घडण, म्हणजे चेहरा, शिंगं, खांदे, चिलखत, ही तिसरी. आणि त्या पात्राला गोष्टीत कसं दाखवलंय, ही चौथी. अण्णा पहिलीबद्दल कुरकुरतात, भाऊ दुसरीचं उत्तर देतो, आणि चौथीचा मार बहिणीला बसतो.

सुरुवात पडद्यापासून करा. अण्णा आणि भाऊ एकच चित्र बघत नसणार, अशी दाट शंका आहे. टीव्ही पुष्कळदा 'व्हिविड' मोडमध्येच राहिलेला असतो. त्यात हिरवा-निळा भडक होतो. स्वस्तातल्या गेमिंग लॅपटॉपचा पडदा बऱ्याचदा ४५ टक्के एनटीएससी रंगक्षमतेचा असतो, म्हणजे नेहमीच्या एसआरजीबी रंगांपैकी साधारण ६० ते ६५ टक्केच त्याला दाखवता येतात. गडद हिरवा तिथं मेल्यासारखा दिसतो. त्यात विंडोजचं 'नाइट लाइट' संध्याकाळी आपोआप सुरू व्हायला लावलेलं असलं तर सगळ्यावर पिवळट झाक येते. अण्णांचं वाळलेलं गवत थोडं तिथूनही आलेलं असू शकतं.

तेव्हा एका रविवारी भांडण बाजूला ठेवून एवढं करा. लॅपटॉपवर नाइट लाइट बंद. टीव्ही 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोडवर, शार्पनेस जवळजवळ शून्यावर, कलर टोन 'वॉर्म'वर. एचडीआर (उजेड-अंधारातला फरक वाढवणारी सोय) दोन्हीकडे बंद, कारण एचडीआर चालू असताना घेतलेला स्क्रीनशॉट दुसऱ्या पडद्यावर धुतल्यासारखा दिसतो आणि त्यावरून नवंच भांडण लागतं. गेममध्ये मोशन ब्लर आणि फिल्म ग्रेन बंद, फील्ड ऑफ व्ह्यू (कॅमेऱ्यातून किती रुंद दिसतं ते) दोघांचा सारखा. अपस्केलिंग (लहान चित्र काढून ते मोठं करणं) दोघांचं 'क्वालिटी'वर. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे: १०८० च्या पडद्यावर 'परफॉर्मन्स' निवडलं की गेम आतल्या आत फक्त ९६० बाय ५४० एवढंच चित्र काढतो आणि उरलेलं अंदाजानं भरतो, 'क्वालिटी'त तेच १२८० बाय ७२० असतं. अंदाज चुकायला लागला की पहिले बिघडतात ते केस आणि गवताची पाती. या रीमास्टरला किमान १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०७० टीआयच्या तोडीचं ग्राफिक्स कार्ड लागतं. अण्णांचा लॅपटॉप त्याहून हलका असेल, तर ते गेम बघत नाहीत, गेमची तडजोड बघतात.

मग तिघांनी एकाच जागी उभं राहा. तुरुंगातून भुयारी गटारानं बाहेर पडतो तिथं समोर पाणी आणि पलीकडे पांढरे पडके खांब दिसतात, ती जागा अण्णांना झोपेतही आठवत असेल. 'वेट' करून गेममधले सकाळचे दहा वाजवा, आभाळ स्वच्छ असू द्या. एक स्क्रीनशॉट २००६ च्या गेमचा, एक रीमास्टरचा टीव्हीवरच्या पीसीतून, एक अण्णांच्या लॅपटॉपमधून. मोबाइलनं पडद्याचा फोटो काढू नका. व्हॉट्सअॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा; फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सअॅप ते दाबून पाठवतं आणि बारकावे जातात. तिन्ही चित्रं एकाच पडद्यावर शेजारी ठेवून बघा.

हे केल्यावरही फरक उरेल, आणि तिथं अण्णांचं म्हणणं टिकतं. २००६ चा गेम मुळातच हिरवा-पोपटी आणि उजेडानं फुललेला होता. एप्रिल २०२५ चं रीमास्टर तपकिरी-पिवळ्याकडे झुकलेलं आहे. त्यात जुन्या गेमचा गाडा आत तसाच चालतो आणि वरचं चित्र अनरियल इंजिन ५ काढतं. उजेडाचा हिशेब नवा, त्यावर रंगाचा हात नवा. ही तक्रार एकट्या अण्णांची नाही. जुने रंग परत आणणारे मॉड, म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये टाकायला केलेले बदल, गेम आल्यावर थोड्याच दिवसांत निघाले. अण्णांना तसा एक टाकून द्या. त्याआधी सेव्हचं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा, आणि गेमला अपडेट आलं की आधी मॉड काढून बघा. अपडेटनंतर गेम उघडेनासा झाला तर दहांतल्या नऊ वेळा गुन्हेगार तोच असतो.

रंगाचा मॉड इतक्या लवकर का निघतो आणि चेहऱ्याचा का नाही, हे एकदा कळलं की कंपन्यांवरचा निम्मा राग उतरतो. रंगाची झाक म्हणजे तयार चित्रावर शेवटी चढवलेला तक्ता. तो बदलायला एका माणसाला काही दिवस पुरतात. उजेड बदलायचा तर प्रत्येक जागा पुन्हा तपासावी लागते. चेहरा बदलायचा तर त्याखालचा हाडांचा सांगाडा, ओठांच्या हालचाली, दाढी, केस, शिरस्त्राण, सगळं नव्यानं बसवावं लागतं. आणि अंगाचं प्रमाण बदलायचं म्हणजे तर घराचा पाया हलवणं. एकूण एक चिलखत आणि एकूण एक हालचाल त्या मापावर शिवलेली असते. म्हणून कंपनीला लिहायचं असेल तर स्वस्तात सुधारता येईल ते आधी मागा, आणि कुठं, कोणत्या वेळी, कोणत्या सेटिंगला, कोणत्या कार्डावर हे स्क्रीनशॉटसह लिहा. 'वाट लावली' एवढंच लिहिलेलं पत्र वाचणाऱ्याला काय दुरुस्त करायचं ते कळत नाही.

तक्रार नेमकी कशी असावी याचं उदाहरण तुमच्याच मालिकेत आहे. २०१४ च्या 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन'मध्ये पात्र तयार करायचा पडदा हिरव्या उजेडात होता. तासभर खपून केलेला चेहरा गेम सुरू झाल्यावर साध्या उजेडात भलताच निघायचा, आणि माणसं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. खेळणारे 'चेहरे घाण आहेत' एवढ्यावर थांबले नाहीत, 'उजेड हिरवा आहे' असं बोट ठेवून बोलले. २०२४ च्या व्हेलगार्डमध्ये पात्र करताना वेगवेगळ्या उजेडात चेहरा फिरवून बघायची सोय आहे.

आता शैली. इथं अण्णांनी एक जुनी हकिकत ऐकावी. २००० साली निन्टेन्डोनं गेमक्यूब या आपल्या नव्या कन्सोलची ताकद दाखवायला 'झेल्डा' मालिकेतला नायक लिंक आणि खलनायक गॅननडॉर्फ यांच्या तलवारबाजीची एक झलक दाखवली होती, फोटोच्या वाटेनं जाणारी. पुढचा झेल्डा असाच असणार, असं लोकांनी धरून ठेवलं. २००१ मध्ये खरा गेम दाखवला तेव्हा मोठ्या डोळ्यांचा, कॉमिक्समधून उतरल्यासारखा पोरगा समोर आला. संतापलेल्या चाहत्यांनी त्याला 'सेल्डा' (सेल शेडिंग अधिक झेल्डा) नाव ठेवलं. तोच 'विंड वेकर' डिसेंबर २००२ मध्ये जपानात आला, आणि आज त्याच्या काळातल्या कितीतरी 'खऱ्या' दिसणाऱ्या गेमांपेक्षा ताजा वाटतो. कारण तांत्रिक आहे. सेल शेडिंगमध्ये उजेड दोन-तीन पायऱ्यांत कापतात आणि रंग सपाट ठेवतात. कातडीचे बारकावे दाखवायचं सोंगच नसतं, त्यामुळे ते जुनं होऊन उघडं पडत नाही. फोटोसारखं दिसू बघणारं चित्र मात्र पुढच्या फोटोसारख्या चित्रापुढे म्हातारं होतं. ज्यांना फोटोसारखा झेल्डा हवा होता त्यांना तो २००६ मध्ये 'ट्वायलाइट प्रिन्सेस'मधून मिळाला, हेही सांगायला हवं. एकाच मालिकेत दोन्ही बसतात. 'फायनल फँटसी'नं तर तीन वर्षांत तीन तऱ्हा करून दाखवल्या: १९९७ च्या सातव्यात ठोकळ्यांची माणसं, १९९९ च्या आठव्यात खऱ्या मापाची, २००० च्या नवव्यात पुन्हा मोठ्या डोक्याची.

शैलीत अडाणीपणा नसतो, बहुतेकदा गरज असते. २००८ मध्ये 'डायब्लो ३' दाखवला तेव्हा तो फार रंगीत आहे म्हणून अर्ज फिरले, चाहत्यांनी चित्रं काळवंडून 'असं हवं' म्हणून दाखवली. गेमचे दिग्दर्शक जे विल्सन यांचं उत्तर साधारण असं होतं: ती चित्रं स्थिर बघायला छान आहेत, पण खेळताना फरशीतून राक्षस वेगळा दिसला पाहिजे. हे तपासायची युक्ती सोपी आहे. स्क्रीनशॉट काळा-पांढरा करा आणि डोळे बारीक करून बघा. तुमचं पात्र, शत्रू आणि वाट तिन्ही वेगळी दिसली तर चित्रकारानं काम केलंय. सगळं एकाच राखाडी गोळ्यात गेलं, तर कितीही देखणं असो, खेळताना मार खाणार. आपल्याकडे दिवाळीत पोरं मातीचा किल्ला करतात, त्यात मावळा बुरुजाएवढा उंच असतो. मापाप्रमाणे केला तर तो मुंगीएवढा होईल आणि रस्त्यावरून दिसणारच नाही. त्या मावळ्याला कोणी 'कार्टून' म्हणत नाही.

चेहऱ्यांकडे येऊ. 'मुद्दाम कुरूप केलं' म्हणण्याआधी कॅमेरा कुठं होता ते विचारायचं. पासपोर्ट फोटो काढणारा जरा लांब उभा राहून चेहरा जवळ आणणारी लेन्स वापरतो. आपण हात लांब करून सेल्फी काढतो तेव्हा नाक मोठं आणि कान मागे गेलेले येतात. गेममधला कॅमेराही असाच वागतो. डिसेंबर २०२४ मध्ये 'द विचर ४'चा ट्रेलर आला, त्यात सिरी मुख्य भूमिकेत. पुढे पडद्यामागचं काम दाखवणारा व्हिडिओ आला, त्यातला तिचा चेहरा वेगळा दिसला म्हणून पुन्हा गलका झाला. दिग्दर्शक सेबास्टियन कालेम्बा यांनी सांगितलं की मॉडेल तेच आहे, त्या व्हिडिओत चेहऱ्याच्या हालचाली, प्रकाशयोजना आणि कॅमेऱ्याची लेन्स लावलेली नव्हती. चेहरा एकच, आणि भांडणं दोन वेळा. म्हणून तुमच्या माडीवर एक नियम करा: यूट्यूबवरचं थांबवलेलं चित्र दाखवून कोणत्याही पात्राच्या दिसण्याचा निकाल लावायचा नाही. बोलताना तोंड अर्धं उघडं असतं त्या क्षणी थांबवलं तर लग्नाच्या व्हिडिओतली नवरीसुद्धा भलतीच दिसते.

तरीही घडणीवरची काही टीका खरी असते. व्हेलगार्डमधले कुनारी, ते उंच शिंगांचे लोक, अनेक जुन्या चाहत्यांना मऊ आणि वेगळेच वाटले. नाकडोळ्यांचं प्रमाण बदललंय, ते मोजून दाखवता येतं. पण 'मूळचे कुनारी' म्हणताना अण्णा नेमके कोणते म्हणतात ते विचारा. २००९ च्या पहिल्या गेममधल्या स्टेनला शिंगंच नव्हती! शिंगं आली २०११ च्या दुसऱ्या गेममध्ये, आणि मग बिनशिंगाचे कुनारी वेगळे असतात असं गोष्टीत बसवलं गेलं. ज्यांनी २०११ पासून सुरुवात केली त्यांच्या लेखी शिंगं हेच मूळ.

चौथ्या गोष्टीचंही तेच. 'वॉरक्राफ्ट'मधले ऑर्क, ते राक्षसासारखे लोक, १९९४ मध्ये नुसते चाल करून येणारे आक्रमक होते. २००२ च्या तिसऱ्या गेममध्ये थ्रॉल आला, त्याला दुःख मिळालं, आपल्या माणसांना घेऊन नवी भूमी शोधायचा प्रवास मिळाला. आज जुनेजाणते चाहते ज्या ऑर्कांना 'खरे' म्हणतात ते बदललेले ऑर्कच आहेत. बदामीला गेलात तर पहिल्या लेण्यात अठरा हातांचा नटराज आहे आणि त्याच्या बाजूला छोटासा गणपती. तो तुमच्या मंडळाच्या गणपतीसारखा मुळीच दिसत नाही, आणि दोघांत खोटा कोणीच नाही. मंडळात मूर्तीच्या चेहऱ्यावरून जी हमरीतुमरी होते तीत प्रत्येक जण आपण लहानपणी हात धरून बघायला गेलो होतो ती मूर्ती डोळ्यांपुढे ठेवून बोलत असतो. अण्णांचा २००६ तसाच आहे. त्यांना तो हवाच असणार, आणि तसं सरळ म्हणायला हरकत नाही: 'मला तो आवडायचा.' या वाक्याला भावाकडे उत्तर नाही आणि असूही नये. 'हे वाईट आहे' म्हटलं की मात्र पुरावा द्यावा लागतो.

एका बाबतीत चाहत्यांचा राग पूर्ण रास्त असतो: नवं देताना जुनं काढून घेतलं तर. जानेवारी २०२० मध्ये 'वॉरक्राफ्ट ३: रीफोर्ज्ड' आला तेव्हा जुना गेम विकत घेतलेल्यांनाही त्याच नव्या सांगाड्यात ओढलं गेलं, काही सोयी गेल्या, आणि आधी दाखवलेले काही प्रवेश तसे आलेच नाहीत. तिथं पैसे परत मागणारे बरोबर होते, आणि कंपनीला ते परत द्यावे लागले. उलट २०२१ चं 'डायब्लो २: रेझरेक्टेड' बघा. २००० सालचा गेम खाली जसाच्या तसा चालतो, वर नवं चित्र, आणि कीबोर्डवरचं 'जी' दाबलं की जुनं चित्र त्याच क्षणी समोर. दोघांनी एकाच खुर्चीत बसून हवं ते बघावं. तुमच्या माडीसाठी यापेक्षा सोयीचा गेम नाही.

राहिली बहीण. इथं तंत्राचा काही संबंध नाही. 'या चेहऱ्यावर उजेड नीट पडलेला नाही' हे गेमबद्दलचं बोलणं झालं. 'बायका मुद्दाम कुरूप करतात' यात एक तर कोणाच्या तरी मनातला हेतू आपल्याला कळल्यासारखं बोलणं आहे, आणि दुसरं म्हणजे बाई पडद्यावर आहे ती देखणी दिसायलाच, हे गृहीत आहे. खोलीत एकटी मुलगी बसलेली असताना हे वाक्य पडद्यावरच्या बाईपाशी थांबत नाही. अण्णांना हे तुम्ही एकट्यात सांगा, चौघांसमोर नको. वयानं मोठा माणूस चौघांत अडला की हट्टाला पेटतो. आणि तिला जे सांगायचं ते अण्णांनी स्वतः, खाली येऊन सांगावं. 'अण्णांच्या मनात तसं काही नव्हतं गं' असा निरोप दादानं आणायचा नाही. ती लगेच हो म्हणेल असं धरू नका. नाही म्हणाली तर त्या रविवारी तिघंच बसा, पण अण्णांचं बोलणं तिच्याशी होऊ द्या.

ती आली तर सुरुवात ऑब्लिव्हियननं किंवा व्हेलगार्डनं करू नका. ज्यात कोणाच्याच जुन्या आठवणी नाहीत असं काहीतरी लावा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० मधला 'राजी' चालेल. भावाला सोडवायला निघालेल्या मुलीची गोष्ट आहे, मधले प्रवेश सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेत. पिंगुळीच्या कळसूत्री-चित्रकथी घराण्यांतले किंवा इकडच्या तोगलु गोंबेयाटातले चामड्याचे बाहुले बघितलेल्या माणसाला ही शैली ओळखीची वाटेल. लहान चमूला प्रत्येक चेहऱ्याच्या हालचाली घडवत बसणं परवडत नाही; सावलीच्या बाहुलीला ओठ हलवावे लागत नाहीत, आणि वर ते दिसतंही देखणं. गेम पाच-सहा तासांत संपतो.

त्यानंतरच्या रविवारी व्हेलगार्ड पुन्हा उघडा, पण खेळू नका. प्रत्येकानं वीस मिनिटांत एक कुनारी बाई तयार करायची, एकच उजेड ठेवून, आणि मग चारही चेहरे वेगवेगळ्या उजेडांत फिरवून बघायचे. अण्णांना हवा तसा चेहरा त्या साधनांत निघतो की नाही ते तिथंच कळेल, आणि निघाला नाही तर काय कमी पडतं हे त्यांना नेमकं सांगता येईल.

राजी एकट्यानं खेळायचा गेम आहे, तेव्हा पात्र मेलं की कंट्रोलर पुढच्याच्या हातात. पहिला नंबर बहिणीचा, शेवटचा अण्णांचा.